अकरा वाजताचे पत्रोडे

बिंदुमाधवरावांना किनारा पाठ होता. मंगळूरपासून कारवारपर्यंत कुठली नदी कुठं आडवी येते, तिचं पात्र किती फूट रुंद, होडी कुठल्या धक्क्यावरून सुटते, पलीकडे दुसरी बस किती वाजता मिळते, हे ते कागद न बघता सांगत. म्हणून मधुकर खांबेट्याला वाटलं, दसऱ्याच्या सुट्टीत बायकोला घेऊन किनाऱ्यानं हिंडायचं तर सल्ला आपल्या घरमालकांचाच घ्यावा.

मधुकर पुण्याचा. बेंगळुरात टेलिफोनच्या कारखान्यात इंजिनियर होता आणि राजाजीनगरातल्या बिंदुमाधवरावांच्या घराच्या पुढच्या दोन खोल्यांत तीन वर्षांपासून भाड्यानं राहत होता. बायकोचं नाव नयना. बिंदुमाधवरावांचं घराणं मात्र इथलं जुनं, किती पिढ्यांचं ते कुणी मोजलं नव्हतं. घरात मराठी बोलायचे, पण निम्मे शब्द कानडी, आणि ते कानडी आहेत हे नयनानं दाखवून दिल्याशिवाय त्यांच्या लक्षातही आलं नव्हतं.

१९६१ सालचा भाद्रपद नुकता लागला होता. रविवारी सकाळी बिंदुमाधवरावांनी टेबलावर जाड कागद पसरला, पेन्सिलीला ब्लेडनं टोक काढलं आणि एका दमात सगळा किनारा काढला. रस्ते खात्यात नकाशे काढण्यात त्यांची तीस वर्षं गेली होती. हात अजून स्थिर होता.

"हे कुंदापूर. इथं होडी. पुढं मरवंते. तिथं बसमध्ये डाव्या बाजूला बसा. डावीकडे समुद्र, उजवीकडे नदी, आणि मधून फक्त आपला रस्ता. असं दुसरीकडे कुठं बघायला मिळायचं नाही."

"वा!" मधुकर म्हणाला. "आणि काका, जेवायचं कुठं?"

पेन्सिल थांबली.

"जेवायचं?"

"म्हणजे चांगलं कुठं मिळतं? आमच्या हिला सकाळी आठला खायला घाला, अकराला पुन्हा भूक."

"भूक तुम्हाला लागते आणि नाव माझं घेता," नयना म्हणाली.

बिंदुमाधवराव कागदाकडे बघत राहिले. कुंदापूर, होन्नावर, कुमठा, कारवार. प्रत्येक नदीचं पात्र त्यांनी बरोबर काढलं होतं. "तीन आठवडे होतो आम्ही तिथं," ते म्हणाले. "रोज जेवलो असणारच. पण कुठं, काय, ते काही... मी नदी मोजत होतो."

"मग काकूंना तरी—" मधुकर बोलून गेला आणि त्यानं जीभ चावली.

नयना उठली. "दूध ठेवलंय गॅसवर," म्हणाली आणि आत गेली. तिच्याकडे गॅस नव्हता, स्टोव्ह होता. आणि तो पेटल्याचा आवाजही आला नव्हता. पण बिंदुमाधवरावांनी तिकडे लक्ष दिलं नाही. ते कुंदापूरच्या धक्क्यावर पेन्सिल टेकवून बसले होते.

त्यांच्या बायकोला, वसुमतीला जाऊन वर्ष होत आलं होतं.

किनाऱ्याला ती दोघं गेली ती १९५७ साली. त्याच्या आदल्या वर्षी राज्यं नव्यानं आखली गेली आणि म्हैसूर राज्याला समुद्र मिळाला. समुद्राबरोबर नद्याही आल्या, आणि नद्यांवर पूल नव्हते. खात्यानं पाहणीसाठी माणसं पाठवली, त्यांत नकाशे काढायला बिंदुमाधवराव. उडुपी आणि गोकर्ण त्याच वाटेवर, म्हणून त्यांनी वसुमतीलाही बरोबर घेतलं. मूलबाळ नव्हतं, घरी थांबून ती तरी काय करणार.

पण तिथं रोज एकच प्रकार व्हायचा. ते सकाळी सातला साखळी आणि टेप घेऊन नदीवर जायचे ते दुपारी तीनला परत यायचे. तोवर वसुमती एखाद्या खानावळीच्या ओसरीवर, नाहीतर देवळात, बायकांमध्ये बसलेली असायची. नवरा जेवल्याशिवाय ती जेवत नसे. त्यांच्या घरात बायको नवऱ्याच्याच पानावर बसायची. आधी तो जेवणार, मग त्याच केळीच्या पानावर ती. बिंदुमाधवरावांची आई तशी जेवली, आजीही तशीच जेवली असणार. यात काही वावगं आहे असं त्यांना कधी वाटलं नव्हतं.

फक्त त्यांनी स्वतःची एक भर घातली होती. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीत पानावर उरलेला अर्धा अतिरस वसुमतीनं संपवलेला त्यांनी दारातून पाहिला. अतिरस म्हणजे तांदळाच्या पिठाचा आणि गुळाचा, आपल्या अनारशाचा भाऊ. त्यांनी मनाशी ठरवलं, हिला हे आवडतं. तेव्हापासून सणावाराला, श्राद्धापक्षाला, पानावर अतिरस आला की ते एक आख्खा बाजूला ठेवून उठत. त्यांना स्वतःला तो फार आवडायचा. तरी ठेवत. एकतीस वर्षं ठेवला. तिनं तो कधी टाकला नाही. बोलणं फार नव्हतं दोघांत, पण त्या अतिरसात आपण काहीतरी बोलतो, असं त्यांना वाटायचं.

शेवटच्या आजारात दवाखान्यातल्या डॉक्टरनं तिच्या डोळ्यांची खालची पापणी ओढून बघितली होती आणि सहज विचारलं होतं, "बाई वेळेवर जेवत नव्हत्या का?"

त्या दिवसापासून बिंदुमाधवरावांच्या डोळ्यांपुढून ती ओसरी हलत नव्हती. कुंदापूर, तीन वाजता. होन्नावर, तीन वाजता. ते जेवून उठत आणि पान तिच्यापुढं सरकवत, आणि ती दोन घास खाऊन म्हणायची, "आज भूक नाही." रोज म्हणायची. कुमठ्याला तर त्यांनी घाबरून तिला वैद्याकडे नेलं होतं. वैद्यानं चाटण दिलं. आता त्यांना वाटायचं, भूक मरून जायची तिची. मी नदी मोजत होतो आणि ही उपाशी बसून भूक मारत होती.

हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखं कुणी नव्हतंच.

वर्षश्राद्धाला आठ दिवस राहिले तेव्हा त्यांची थोरली बहीण अनुसूया अक्का येलहंक्याहून आली. पासष्टीची, विधवा, आवाज खणखणीत. आल्या आल्या तिनं पितळी डबे उघडून बघितले, एकेक शिवी घालत झाकणं लावली आणि मग ओट्यापाशी बसून विचारलं, "बिंदू, वसूला काय आवडायचं?"

"म्हणजे?"

"अरे, वर्षाचं आहे. महिन्याच्या महिन्याला केलंस ते निराळं. वर्षाच्या पानावर तिच्या आवडीचं एक काहीतरी हवं. भीमाचार्य काय सांगतात?"

भीमाचार्य त्यांचे उपाध्याय. त्यांनीही तेच सांगितलं होतं.

"अतिरस करा," बिंदुमाधवराव म्हणाले. "दर महिन्याला तेच केलंय."

अक्कानं मान वर केली. "अतिरस? वसूला?"

"हो."

"तिनं आपल्या हातानं घेतलेला कधी बघितलास?"

बिंदुमाधवरावांनी आठवून बघितलं. पानावर ठेवलेला तिनं खाल्लेला बघितला होता. डब्यातून काढून घेतलेला...

"माझ्याकडे तीन वर्षं राहिली ती, तुझी बदली शिमोग्याला होती तेव्हा," अक्का म्हणाली. "अतिरसाचा डबा तिच्या डोक्यावरच्या फळीवर असायचा. एकदाही हात लावला नाही. मी म्हणायची, घे गं. ती म्हणायची, सरी अक्का, बरं, मग घेते. ते ‘मग’ कधी आलंच नाही."

"मग काय आवडायचं तिला?"

"ते मी तुला विचारते!"

"अक्का, तीन वर्षं होती ना तुझ्याकडे?"

"आणि तुझ्याकडे एकतीस! माझ्याकडे असेल ते खायची. आपल्या घरातल्या बायका असेल तेच खातात. मला काय आवडतं ते तरी तुला ठाऊक आहे?"

त्यांना तेही ठाऊक नव्हतं.

दोन दिवस त्यांनी विचार केला. तिच्या माहेरचं आता कुणी उरलं नव्हतं. शेजारच्या बायकांना विचारायला जीभ उचलेना. काय विचारायचं? माझ्या बायकोला काय आवडायचं? तिच्या हातचं काय आवडायचं ते गल्लीत सगळ्यांना माहीत होतं. तिची कोशिंबीर, तिचं सार, तिची आंबटगोड गोज्जू. तिला काय आवडायचं याचा कुणाला पत्ता नव्हता.

तिसऱ्या दिवशी दुपारी भीमाचार्य साहित्याची यादी घेऊन आले आणि ओसरीवर बसले. "मग, पानावर काय ठरलं?"

"आचार्य, काहीही लिहा," बिंदुमाधवराव म्हणाले. आवाज त्यांना वाटला त्यापेक्षा मोठा निघाला. "एकतीस वर्षं माझं उष्टं खाल्लं तिनं. काय आवडतं ते मी विचारलं नाही. किनाऱ्याला नेलं तर तिथं तीन-तीन वाजेपर्यंत उपाशी ठेवलं. आता मेल्यावर विचारतोय, काय वाढू. तिनं काय म्हणून यावं जेवायला?"

भीमाचार्यांनी यादी घडी करून उपरण्यात ठेवली. आतून अक्काच्या विळीचा आवाज थांबला. पुढच्या खोलीत नयनाचं शिवणाचं मशीन चालू होतं, तेही थांबलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मधुकर कामावर गेला आणि नयना मधलं दार ठोठावून आत आली. हातात स्वयंपाकाची वही होती. तोंड उतरलेलं. रात्रभर झोप नसावी.

"काका, मला एक सांगायचंय. पण आधी मला माफ करा."

"काय झालं? काही फुटलं का?"

"नाही हो. मी काकूंना शब्द दिला होता, तुम्हाला सांगणार नाही म्हणून. आणि आता त्या नाहीत, म्हणजे मला त्यांना विचारताही येत नाही. मी रात्रभर तेच... अक्का, तुम्ही पण बसा ना."

अक्का ओले हात पदराला पुसत बसली.

"गेल्या वर्षी श्रावणात आमचं किनाऱ्याला जायचं ठरलं होतं, आठवतं? मग काकू आजारी पडल्या, आम्ही रद्द केलं. तर तेव्हा मी काकूंना विचारलं होतं, तिकडं खायचं कुठं? त्या शेंगा सोलत होत्या. म्हणाल्या, वही घे आणि लिही."

तिनं वहीच्या पुठ्ठ्यातून एक कागद काढला. १९६० च्या कॅलेंडरचं ऑगस्टचं पान होतं, मागच्या कोऱ्या बाजूला शाईनं लिहिलेलं. बिंदुमाधवरावांनी चष्मा लावला. अक्षर नयनाचं. पण पहिली ओळ वाचली आणि त्यांना आवाज दुसराच ऐकू आला.

*कुंदापूर. होडीच्या धक्क्यापाशी वडाखाली गिरिजम्माची खानावळ. अकरा वाजता पत्रोडे उतरतात. गरम असतानाच खा, वर खोबरेल. मागितल्याशिवाय ती दुसऱ्यांदा वाढत नाही. मागायला लाजू नको.*

*शिराली. बस थांबते तिथं खाऊ नको. देवळाच्या मागं घरात विचार. नीर दोसे आणि गूळखोबरं. पत्रोडे पण असतात, पण जरा जाड.*

*होन्नावर. होडीत बसायच्या आधी खाऊ नको, पलीकडे खा. सुब्बक्का. पत्रोडे इथले सगळ्यांत चांगले, मिरे जास्त घातलेले. पहिल्या दिवशी चार खाल्ले. दुसऱ्या दिवशी सहा.*

*कुमठा. वैद्याच्या घरासमोर. (काकू खूप हसल्या.) केळ्याचे बन्स, तिखट चटणीबरोबर. वैद्याचं चाटण घेऊ नको, बन्सवर अजिबात जमत नाही.*

*गोकर्ण. तिथं हे दिवसभर बरोबर होते म्हणून काही ठाऊक नाही.*

*कारवार. काळी नदीच्या अलीकडे मास्तरणीचं घर. पत्रोडे. अकरा म्हणजे उशीर, साडेदहाला जा.*

बिंदुमाधवरावांनी कागद पुन्हा वरपासून वाचला. मग तिसऱ्यांदा. मग ते म्हणाले, "सहा?"

"सहा," नयना म्हणाली.

"अकरा वाजता?"

"हो. त्या म्हणाल्या, तुम्ही तीनला यायचात तोवर पोट इतकं भरलेलं असायचं की पानावर बसणं म्हणजे शिक्षा. आणि तुम्ही काळजीनं विचारायचात, भूक का नाही. मग त्यांना हसू यायचं आणि तुम्हाला वाटायचं, हिला बरं नाहीये."

"मी वैद्याकडे नेलं तिला!"

"सांगितलं त्यांनी. तुम्ही वैद्याशी बोलत होतात आणि त्या खिडकीतून समोरच्या घरातले बन्स बघत होत्या."

अक्कानं तोंडाला पदर लावला. आधी तिचे खांदे हलले, मग आवाज फुटला. ती हसत होती. "अय्यो वसू! सहा पत्रोडे! आणि माझ्याकडे म्हणायची, अक्का, मला स्वल्पच वाढा!"

बिंदुमाधवरावांनाही हसू आलं. कितीतरी महिन्यांनी आलं, त्यामुळे ते नीट बाहेर पडेना आणि डोळ्यांतून यायला लागलं. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. ती ओसरी त्यांना पुन्हा दिसली. पण आता घड्याळात अकरा वाजले होते आणि ती चार बायकांत बसून पान चाटूनपुसून खात होती. वर्षभर छातीवर ठेवलेलं काहीतरी कुणीतरी उचलून बाजूला ठेवावं, तसं त्यांना झालं. उपाशी नव्हती. निदान तिथं तरी उपाशी नव्हती.

"पण पत्रोडे..." ते म्हणाले. "आपल्याकडे कधी केलेच नाहीत तिनं."

"कशी करणार?" अक्का म्हणाली. "सहा वर्षांचा असताना अळू खाऊन तुझा घसा धरला, आईनं घरात अळू बंद केलं. वसू आली तेव्हा पहिल्याच दिवशी तिला सांगितलं, या घरात अळू येत नाही."

पत्रोडे अळूच्याच पानांचे. तांदूळ, नारळ, मिरची, चिंच वाटून पानांना लावायची, वळकटी करून वाफवायची आणि काप करायचे. पुण्याच्या अळूवडीतून बेसन काढून तांदूळ घातला की पत्रोडे. एकतीस वर्षं घरात अळूचं एक पान आलं नव्हतं, आणि कारण ते स्वतः होते.

त्यांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. मग विचारलं, "मला का सांगायचं नव्हतं? माझ्या आधी जेवली म्हणून मी रागावलो असतो, असं वाटलं तिला?"

नयनानं मान हलवली. "मी पण तेच विचारलं. तर म्हणाल्या, छे, रागावतात कसले. पण हे कळलं तर मग त्यांना अतिरसाचंही कळेल. मी म्हटलं, अतिरसाचं काय? तर म्हणाल्या, दातात अडकतो गं तो, मला नाही आवडत. पण ते पानावर ठेवून उठतात तेव्हा त्यांचं तोंड बघितलंयस? ते मला बघायचं असतं. ते बंद व्हायला नको."

बाहेर भाजीवाली ओरडत गेली.

"म्हणून मी बोलले नाही, काका. नकाशाच्या दिवशी तुम्ही म्हणालात, कुठं जेवलो आठवत नाही, आणि माझ्या वहीत सगळं होतं. मी आत जाऊन नुसतीच उभी राहिले. पण काल तुम्ही आचार्यांना म्हणालात ना, उपाशी ठेवलं..."

"बरं केलंस," बिंदुमाधवराव म्हणाले. "फार बरं केलंस, मुली."

भीमाचार्यांना लगेच बोलावणं गेलं. अक्कानं विचारलं, "श्राद्धाला अळू चालतं ना?"

"अळू चालतं."

"पत्रोडे करायचेत."

भीमाचार्यांनी डोळे मिटले. "तांदूळ चालतो. नारळ चालतो. मिरची नाही. मिरे घाला."

"होन्नावरला तिला मिरे जास्त घातलेलेच आवडायचे," बिंदुमाधवराव म्हणाले. हे वाक्य बोलताना त्यांना इतकं बरं वाटलं की त्यांनी ते पुन्हा म्हटलं. "मिरे जास्त आवडायचे तिला."

"आणि चिंच?" अक्कानं विचारलं. "आंबट घातलं नाही तर सगळ्यांचेच घसे धरतील, तुमचा पण."

भीमाचार्यांनी थोडा विचार केला. "चिंचेचं मी काही विचारत नाही," ते म्हणाले. "तुम्ही मला काही सांगू नका. सवाष्ण कोण?"

वसुमती सवाष्ण गेलेली. म्हणून ब्राह्मणांबरोबर एक सवाष्ण तिच्या नावानं जेवायला हवी. एरवी भीमाचार्यांच्या बायकोला बोलावत.

"नयना बसेल," बिंदुमाधवराव म्हणाले.

"ही?" अक्का म्हणाली. "अरे, ही कांदा खाते!"

"त्या दिवशी खाणार आहे का?" भीमाचार्यांनी विचारलं.

"नाही नाही," नयना घाईनं म्हणाली. "आदल्या दिवशी पण नाही. आमच्या ह्यांना पण देणार नाही."

"मग सरी," भीमाचार्य म्हणाले आणि उठले.

अळूची पानं येलहंक्याहून आली, अक्काच्या परसातल्या विहिरीकडची, काळ्या देठांची. श्राद्धाच्या दिवशी अक्का पहाटे न्हाली आणि ओल्यानं स्वयंपाकाला लागली. नयनाला आत यायला परवानगी नव्हती. ती उंबऱ्याबाहेर बसून कागदात बघून सांगायची आणि अक्का म्हणायची, मला कळतं, मला कळतं, आणि पुन्हा विचारायची, वर खोबरेल म्हणालीस ना?

साडेदहाच्या सुमारास पात्राचं झाकण उघडलं. वाफ बाहेर आली, हिरवी, मिऱ्यांची. बिंदुमाधवराव संकल्पाचं पाणी हातात घेऊन बसले होते. त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं.

"आचार्य, पानं अकराला वाढता येतील?"

"मुहूर्त दुपारचा आहे."

"तरी."

भीमाचार्यांनी त्यांच्याकडे बघितलं. "तिचं एक आधी वाढा," ते म्हणाले. "मी मंत्र म्हणताना डोळे मिटतोच."

अकराला पाच मिनिटं असताना नयनापुढं पान मांडलं. ती नऊवारी नेसली होती, कुणाकडून तरी मागून आणलेली, आणि पुन्हा पुन्हा निऱ्या सांभाळत होती. बिंदुमाधवरावांनी स्वतः वाढलं. चार काप. त्यांनी आयुष्यात कुणाला पान वाढलं नव्हतं. वर खोबरेल जरा जास्तच पडलं.

नयना सावकाश जेवत राहिली. सगळं जेवण होत आलं, ब्राह्मणांचीही पानं झाली, तेव्हा भीमाचार्यांनी खूण केली. जेवणारे तृप्त झाले का, हे यजमानानं विचारायचं असतं आणि त्यांनी झालो म्हणायचं असतं. गेलं वर्षभर दर महिन्याला त्यांनी विचारलं होतं आणि दर महिन्याला तेच उत्तर आलं होतं.

त्यांनी हात जोडले. ब्राह्मणांना विचारलं. मग नयनासमोर आले. "तृप्ती झाली?"

नयनाला उत्तराचे शब्द शिकवायचं राहूनच गेलं होतं. तिनं वर बघितलं. तोंडात घास होता, तो तिनं गिळला.

"काका, अजून दोन मिळतील?"

अक्का चुलीपुढून हसली. भीमाचार्य छताकडे बघायला लागले. बिंदुमाधवरावांनी धावत जाऊन दोन काप आणले, वाढले आणि तिथंच उभे राहिले. ती दोन्ही संपवेपर्यंत. सहा झाले.

"आता झाली," नयना म्हणाली.

दुपारी मधुकर अर्ध्या दिवसाची रजा घेऊन आला. त्याच्यासाठी नकाशा तयार होता. कुंदापूर, शिराली, होन्नावर, कुमठा, कारवार, प्रत्येक ठिकाणी नदीकाठी एक छोटा गोल आणि पुढं बारीक सुबक अक्षरात: वडाखाली. देवळामागं. होडी उतरल्यावर. वैद्यासमोर. साडेदहाला. गोकर्णापुढं काहीच लिहिलं नव्हतं.

"गोकर्णाला काय, काका?"

"तिथं तुम्ही बायकोला दिवसभर धरून बसू नका," बिंदुमाधवराव म्हणाले. "तासभर मोकळी सोडा. मग ती सांगेल आपल्याला."

मग अक्कानं त्यांना जेवायला हाक मारली. श्राद्धाचं जेवण घरच्यांनी सर्वांत शेवटी घ्यायचं, जे उरेल ते. ते पानावर बसले. पत्रोड्यांचे तीन काप उरले होते.

"तुझा घसा?" अक्कानं विचारलं. "अतिरस काढू का? डब्यात आहेत थोडे."

"नको."

त्यांनी पहिला काप तोडला. मिरे जिभेला झोंबले. घसा किंचित खाजला, किंवा खाजेल असं वाटून खाजल्यासारखा वाटला. त्यांनी दुसरा घास घेतला. चांगलं होतं. एकतीस वर्षं त्यांच्या घराबाहेर उभं राहिलेलं हे असं चांगलं होतं.

ते सावकाश जेवले. पानाच्या कोपऱ्यावर शेवटचा काप राहिला तेव्हा त्यांचा हात सवयीनं थांबला. तो काप बाजूला सारून ते उठायला निघाले होते. मग पुन्हा नीट मांडी घालून बसले, तो काप खाल्ला, त्याखालचं खोबरेल बोटानं पुसून घेतलं, आणि पानावर काही ठेवलं नाही.